वडगाव, पण कुठलं?

मंडळी, महाराष्ट्रात "माझं गाव वडगाव" एवढं सांगून भागत नाही. समोरचा लगेच विचारतो, "कुठलं वडगाव?" मावळातलं एक, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव दुसरं, आणि पुण्यातच वडगाव बुद्रुक आणि वडगाव शेरी! एका नावाची दोन गावं जवळजवळ आली की जुन्या लोकांनी थोरल्याला 'बुद्रुक' आणि धाकट्याला 'खुर्द' जोडून टाकलं. दोन्ही शब्द मूळ फारसी. बुजुर्ग म्हणजे थोर, खुर्द म्हणजे लहान. वाद मिटला!

पण पत्र टाकणारा घाईत नुसतं 'वडगाव' लिहितो, तेही कुठल्या लिपीत लिहील याचा नेम नाही. टपालखात्याच्या या डोकेदुखीवर तोडगा काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते, आणि गंमत म्हणजे नावाजलेले संस्कृत कवीही. त्यांनी आखलेली पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा आकडे. पहिला विभागाचा (४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड), पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन नेमक्या टपाल कचेरीचे. ४०० म्हटलं की मुंबई, ४११ म्हटलं की पुणे, ४०३ म्हटलं की गोवा. इथे टौरंगात आपण ३११०, माउंट मौंगानुईला ३११६ आणि पापामोआला ३११८ लिहितो, त्यातही युक्ती तीच.

मात्र पिन कोडची एक अडचण आहे. तो गावाच्या नावातून निघत नाही. कुणीतरी सांगावा लागतो, नाहीतर पुस्तकात शोधावा लागतो. नावातूनच जागेचा पत्ता काढता आला तर? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं रोजचं हत्यार, 'हॅश मॅप', या एका प्रश्नातून आलं आहे.

जानेवारी १९५३ मध्ये आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. जन्म जर्मनीतला, उमेदीची वर्षं कापडधंद्यात गेलेली. (क्रेडिट कार्डाचा शेवटचा आकडा ज्या सूत्राने तपासतात तेही यांचंच.) समजा, २७१८२८१८२८ असा दहा आकडी फोन नंबर आहे. त्याच्या जोड्या पाडा: २७, १८, २८, १८, २८. प्रत्येक जोडीची बेरीज करा: ९, ९, १०, ९, १०. फक्त एकम ठेवा: ९९०९०. झालं, या माणसाचा तपशील ९९०९० क्रमांकाच्या कप्प्यात! नंबर ही किल्ली, तपशील हा ऐवज. पुन्हा शोधायचा तर तेच गणित करायचं आणि थेट कप्पा उघडायचा. नोंदी हजार असोत की दहा लाख, पहिल्यापासून चाळत बसावं लागत नाही.

पण २७ च्या जागी ३६ असलेल्या नंबरची बेरीजही नऊच येते! दोन वेगळ्या किल्ल्या, कप्पा एक. इथे आमच्या धंद्यातल्या लोकांचीही गल्लत होते. दोन वडगावांची अडचण वेगळी, तिथे किल्लीच एक आहे आणि तिला बुद्रुक-खुर्द जोडण्यावाचून इलाज नाही. इथे किल्ल्या निराळ्याच आहेत, म्हणून कप्प्यात ऐवजाबरोबर पूर्ण किल्लीही ठेवायची आणि काढताना जुळवून पाहायची. गर्दी कमी व्हावी म्हणून कप्पे भरपूर ठेवायचे आणि किल्ली नीट ढवळून घ्यायची. 'हॅश' म्हणजे खिमा, तो इथूनच. १९६८ मध्ये रॉबर्ट मॉरिस यांच्या लेखाने हा शब्द रुळला.

हा खिमा आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना कधीकधी महागात पडतो. पासपोर्टवर 'एक्स' घालून लिहिलेला दीक्षित आणि पदवीच्या दाखल्यावर 'केएसएच' घालून लिहिलेला दीक्षित, आपल्या लेखी माणूस एकच. हॅश मॅपच्या लेखी या दोन किल्ल्या, त्यातून निघणारे कप्पे एकमेकांपासून कोसभर लांब. मग "या नावाची नोंद नाही" असं उत्तर येतं, आणि ते उत्तर चूकही नसतं.

यावरचा उपाय लून यांच्याही आधीचा आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये 'साउंडेक्स' या पद्धतीचं पेटंट घेतलं. इथे सारख्या उच्चाराची नावं मुद्दाम एका कप्प्यात आणतात. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. पुढे अमेरिकेच्या जुन्या जनगणनांची सूची याच पद्धतीने केली. आपले दोन्ही दीक्षित करून पाहा, दोघेही 'डी २३०'!

पण वाघांचं काय? डब्ल्यूने लिहिणारे वाघ 'डब्ल्यू २००' मध्ये जातात आणि व्हीने लिहिणारे 'व्ही २००' मध्ये, कारण पहिल्या अक्षराला ही पद्धत हात लावत नाही. आणि आपल्याला तर या दोन 'व'मधला फरक ऐकूच येत नाही.