राजांची यादी आणि वंशावळ

डोईफोडियासारख्या गावी एखाद्या घराण्याची वंशावळ मांडावयास बसले, म्हणजे पहिली अडचण नावांचीच येते. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल. चुलत घरातही तेच नाव असले, तर कोण कोणाचा मुलगा हे सांगणारा म्हातारा माणूस शोधीत फिरावे लागते. राजघराण्यांनाही ही गुंतागुंत चुकलेली नाही. तिचे एक उत्तम उदाहरण या गावाच्याच जिल्ह्यात, बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, दगडावर कोरलेले आहे.

ही मशीद खानदेशच्या फारुकी घराण्यातील आदिलशाह ऊर्फ राजा अली खान याने बांधविली. तीत अरबीबरोबर एक संस्कृत लेखही आहे. मशिदीत संस्कृत, ही गोष्टच मुळी मोठी गोड! त्यातील काळ संवत् १६४६, शके १५११, पौष शुद्ध पक्ष, सोमवार असा असून तो ५ जानेवारी १५९० रोजी पडतो. आरंभी सृष्टिकर्त्यास वंदन आहे आणि पुढे वंशावळ: मलिक राजा, त्याचा पुत्र गजनी, त्याचा केसरखान, त्याचा हसन, त्याचा एदलशाह, त्याचा मुबारख, आणि त्याचा पुत्र मशीद बांधणारा एदलशाह. एकंदर सात पिढ्या.

आता इतिहासग्रंथांतील राज्यकर्त्यांची यादी शेजारी ठेवून पाहावी. मलिक राजा आणि त्याचा पुत्र नासिर खान, म्हणजेच लेखातील गजनी, येथवर मेळ बसतो. नंतर यादीत आदिल खान, मुबारक खान, दुसरा आदिल खान, दाऊद खान असे राजे येतात. लेखात त्यांचा पत्ता नाही. उलट केसरखान व हसन ही नावे यादीत नाहीत. मग शिलालेख खोटा म्हणावयाचा काय? मुळीच नाही. यादी गादीची आहे, लेख रक्ताचा आहे. दाऊद खान १५०८ साली वारला, त्याचा मुलगा थोड्याच दिवसांत विषाने मेला, आणि ती शाखा खुंटली. तेव्हा गादीवर हक्क सांगणारे दोघे उभे राहिले, आणि दोघांचेही नाव आलम खानच! एकाच्या पाठीशी अहमदनगरचा निजामशाह, दुसऱ्याच्या पाठीशी गुजरातचा महमूद बेगडा. हा दुसरा बेगड्याच्या मुलीचा मुलगा. तोच यशस्वी झाला आणि १५०९ मध्ये आदिल खान या नावाने राज्य करू लागला. लेखातील पाचवा पुरुष तो हाच. त्याचा बाप हसन गादीवर बसलेला दिसत नाही, तरी लेखाचा कवी त्यास राजा म्हणतो. आश्रित कवीस एवढी सूट द्यावी. वंशावळ लिहिणाऱ्याने मात्र ती स्वतः घेऊ नये.

पुढेही मुबारखाच्या आधी त्याचा भाऊ आणि राजा अली खानाच्या आधी त्याचाही भाऊ राज्य करून गेले. दोघांचेही नाव मुहंमदशाह. भाऊ म्हणूनच ते लेखातून गळले.

गळलेला प्रत्येक जण भाऊबंदच असतो, असेही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील वंशावळीत योरामानंतर एकदम उज्जीया येतो. मधले अहज्या, योवाश व अमस्या हे तिघे खरे बाप-आजे असूनही वगळलेले आहेत, कारण तेथे चौदा-चौदा पिढ्यांचे गट जुळवावयाचे होते. तेव्हा वंशावळ हाती आली, की ती कोणी व कशासाठी रचली हे आधी विचारावे. फिरिश्ता हा इतिहासकार फारुकींचा वंश खलिफा उमरपर्यंत नेतो. मशिदीतील लेख मलिक राजाच्या मागे जात नाही. मला लेखाचा हा संयम अधिक विश्वासार्ह वाटतो.

फारुकींच्या घरी नात्याचा प्रश्न केवळ कागदावरचा नव्हता. गादीवरील राजाचे भाऊबंद असीरगडावर नजरकैदेत ठेवण्याची तेथे रीत होती. राजा अली खान १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने लढताना पडला, तेव्हा त्याचा मुलगा बहादुर अशाच कैदेतून निघून गादीवर आला. चार वर्षांतच, १६०१ च्या जानेवारीत, असीरगड अकबराच्या हाती गेला आणि बहादुराची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. मशिदीतील वंशावळीत आठवे नाव कोरले गेले नाही.