चांदी कुणाची, चेहरा कुणाचा?

रोमचे चांदीचे नाणे, म्हणजे देनारियस, हाती आले की संग्राहक आधी सम्राट ओळखतो, मग झीज पाहतो, मग किंमत विचारतो. त्यात गैर काही नाही. पण हे चित्र कुणी आणि कशासाठी कोरून घेतले, हा प्रश्न विचारल्याशिवाय संग्रहाचा इतिहास होत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

देनारियस इ.स.पू. 211च्या सुमारास सुरू झाला. त्याची बरीच चांदी स्पेनमधून येई. आजच्या कार्ताहेनाजवळच्या खाणींत 40,000 माणसे राबत आणि रोमला रोज 25,000 द्राख्मा मिळत, अशी पॉलिबियसची नोंद आहे. स्पेनच्या खाणींत गुलाम रात्रंदिवस जमिनीखाली खपून मरत, हे डायोडोरसने लिहून ठेवले. नाण्यावर मात्र देव, सेनापती आणि सम्राट!

संग्राहकांचे सर्वात लाडके नाणे ब्रूटसचे. सीझरच्या खुनानंतर, इ.स.पू. 43-42 मध्ये त्याने ते पाडले. त्यावर दोन खंजीर आणि मधोमध एक टोपी आहे. ही टोपी मुक्त झालेल्या गुलामाची खूण. म्हणजे चिन्ह गुलामांचे, स्वातंत्र्य सरदारांचे! याच ब्रूटसचा पैसा सायप्रसमधल्या सालामिस शहराला 48 टक्के व्याजाने दिला होता, हे सिसेरोच्या पत्रांतून कळते. ज्याला लोक स्वातंत्र्यवीर म्हणतात, त्याचा हिशेबही वाचला पाहिजे.

इ.स. 70 मध्ये जेरुसलेम पडले. हजारो ज्यू गुलाम झाले. व्हेस्पासियनने देनारियसवर विजयचिन्हाखाली शोक करत बसलेली स्त्री कोरली आणि खाली नाव घातले यहुदिया. हरलेल्यांचा अपमान असा बाजारात हातोहात फिरू लागला.

पण हरलेले गप्प बसले नाहीत. 132 ते 135 या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी बंड केले. त्यांनी रोमचीच नाणी घेतली आणि त्यांवर आपला ठसा मारला. सम्राटाच्या चेहऱ्यावर द्राक्षांचा घड, वीणेसारखे वाद्य आणि जेरुसलेमच्या स्वातंत्र्याची घोषणा उमटली. काही नाण्यांवर खालचा जुना ठसा आजही पुसट दिसतो.

बंड चिरडले गेले, पण नाणी उरली. सत्तेने आपल्यावर मारलेला ठसा शेवटचा नसतो, याचा पुरावा म्हणून आम्ही ती वाचतो.