परक्या मापानें मोजलेलें मन

मनाच्या खिन्नतेस इंग्रजींत जें नांव आहे, त्याचा प्रतिशब्द प्रत्येक भाषेंत तयार असेलच, असें धरून चालणारा वैद्य पुष्कळदां फसतो. झिंबाब्वेंतील शोना भाषेचा रोगी 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, जडला म्हणून सांगतो. आपल्याकडे 'जिवाला घोर लागला' म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

मुंबईंत जन्मलेले व पुढें गोव्यांत कार्य केलेले डॉ. विक्रम पटेल यांनीं हरारे येथें सहकाऱ्यांसह हाच धागा धरला. परदेशी प्रश्नावलीचें नुसतें भाषांतर न करितां त्यांनीं दवाखान्यांतील व देशी वैद्यांकडील रोग्यांच्या तोंडचे शब्द टिपले, आणि त्यांतून १४ प्रश्नांची शोना लक्षणावली १९९७ सालीं सिद्ध केली. गेल्या आठवड्यांत फार विचार केला काय, रडूं आलें काय, पोट दुखलें काय; उत्तर हो किंवा नाहीं.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो पडताळा. नव्या ताजव्याची पारख कोणत्या वजनानें करावी? केवळ विलायती मुलाखतीच्या कसोटीनें केली, तर परकें मापच फिरून प्रमाण ठरतें. म्हणून तिच्या जोडीस स्थानिक उपचारकांचें मतही घेतलें गेलें.

२००६ पासून हरारेच्या म्बारे वस्तींत डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं दवाखान्याबाहेर बांक मांडून त्यांवर शिकविलेल्या आज्या बसविल्या. (मानसोपचारतज्ज्ञ त्या देशांत बोटांवर मोजण्याइतकेच!) त्यांच्या हातीं हीच लक्षणावली होती, आणि २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५७३ रोग्यांच्या चाचणींत बांकाचा गुण मोजला गेला, तोही याच १४ प्रश्नांनीं.