टाचण्यांची उशी

इतिहास म्हटला म्हणजे तलवारीचें पातें डोळ्यांपुढें उभें राहतें; सुईचें टोंक कोणास आठवत नाहीं. परंतु स्त्रियांच्या श्रमांचा इतिहास ज्यास वाचावयाचा असेल, त्यानें शिवणाच्या पेटींतील टाचण्यांची उशी एकदां निरखून पाहावी. सुई आमच्या घरांत फार जुनी. ही उशी मात्र मागाहून आलेली पाहुणी आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील महागांवचा मुलूखच घ्या. येथें कापूस उदंड, आणि भोंवतालच्या बंजारा तांड्यांतून सुईचें कसबहि मोठें. कांचळीवर व फेटियावर आरसे आणि कवड्या जडविणाऱ्या स्त्रियांस मुख्यतः सुई, दोरा आणि नजर एवढेंच पुरतें. वाकळेचेंहि तसेंच, जुन्या लुगड्यांचे थर पसरून धांवदोरा घातला कीं ती तयार झाली. नऊवारी लुगडें तर शिवणावांचूनच नेसावयाचें. अशा घरांत दोनचार सुया चिंधींत टोंचून ठेवल्या कीं भागे.

टाचणीचें महत्त्व वाढलें तें मापानें बेतलेल्या पोलक्यामुळें. कापलेले तुकडे जुळवावयाचे, अंगावर बसवून पाहावयाचे आणि शिवण पडेपर्यंत हलूं द्यावयाचे नाहींत; या कामास एक सुई काय पुरणार? टाचणी स्वस्त झाली होती, हेंहि खरें. दहा कामकरी अठरा कृती वांटून घेऊन दिवसास ४८,००० टाचण्या करितात, असा दाखला अॅडम स्मिथनें १७७६ सालींच दिला होता. १८५१ मध्यें सिंगरनें आपल्या शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. पण यंत्र शिवतें, जुळवीत नाहीं. जुळणी हाताकडेच राहिली.

आतां उशींत काय भरावें? महागांवची गृहिणी साहजिकच कापूस भरील. परंतु कापूस पावसाळ्याची ओल धरतो आणि सुई गंजते. तेलकट लोकर किंवा केस या कामास अधिक बरे. त्यांतील स्निग्धता गंजास दूर ठेवते. युरोपांत तर टोंकें घांसण्यासाठीं कुरुंदाची पूड भरलेली लहानशी स्ट्रॉबेरी उशीस लटकवीत.

हा सारा खटाटोप क्षुल्लक वाटेल. पण १९०९ सालीं रमाबाई रानडे व देवधर यांच्या प्रयत्नानें पुण्यास सेवासदन निघालें, आणि तेथें शिवणाचे वर्ग चालले, तेव्हां एकत्र कुटुंबांतील हिंदु विधवेस पोटगीपलीकडे मिळकतींत हक्क नव्हता. मर्यादित कां होईना, तो १९३७ च्या कायद्यानें मिळाला. तोंवर जिला शेत नाहीं, घर नाहीं, तिच्या हातीं शिवणकला आली म्हणजे मिळवतीचा एक मार्ग उघडे. शिवण हा विरंगुळा मानणाऱ्या घरांत टाचण्यांची उशी ही शोभेची वस्तु होती. अशा स्त्रीच्या घरीं मात्र तें पोटाचें हत्यार होतें. आमच्या इतिहासकारांनीं तलवारींची गणना पुष्कळ केली आहे. या हत्यारांची अद्याप व्हावयाची आहे.