प्रवरेकाठचं वजन

प्रवरेच्या डाव्या तीरावर उभे राहा आणि पन्नास हजार वर्षं मागे या. ऊस नाही, कालवा नाही, शेताला बांध नाही. नदी तीच आहे, पण तिला अजून कुणी अडवलेलं नाही. पायाखाली गोट्यांचा थर आहे. त्यातला एक जास्परचा गोटा कुणीतरी नुकताच फोडलाय आणि त्याच्या छिलक्याची एक कड बारीक टवके काढून धारदार केलीय. बोट फिरवून बघा, अजूनही कापेल. कातडं साफ करायची ही तासणी. अशाच तासण्या 1950 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांना खाली नेवाशाला सापडतील आणि त्याच थरांच्या अभ्यासात जनावरांची अश्मीभूत हाडंही हाती लागतील.

ती जनावरं आता तुमच्या समोर आहेत. पाण्यावर आलेला हा रानबैल, शास्त्रज्ञांच्या भाषेत बॉस नमॅडिकस. शिंगांचा पसारा पाहा, मान पाहा. तुमच्या गावचा खिलार याच वंशाचा, पण याच्या शेजारी तो गोऱ्हाच वाटेल. तेवढ्यात बैल बाजूला होतो, कारण मागून हत्ती येतोय.

हा हत्ती आजच्या हत्तीसारखा नाही. कपाळावर हाडाचा जाड कंगोरा, सुळे लांब आणि जवळजवळ सरळ. आजचा मोठा नर खांद्यापाशी तीन मीटरच्या आसपास भरतो आणि त्याचं वजन चार-पाच टन असतं. या जुन्या हत्तीच्या मांडीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून अभ्यासकांनी पाच मीटर उंची आणि 22 टनांपर्यंत वजनाचा अंदाज केला आहे. तुकड्यावरून मांडलेलं गणित असल्यामुळे त्याला थोडं सैल धरा. तरीही उसाने गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडल्यावर जेवढा भार होतो, तेवढं हे एकटं जनावर. ते काही परप्रांतातलंही नव्हे. गोदावरीवर, नांदूर मध्यमेश्वरला याची कवटी मिळाली होती आणि भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी 1905 मध्ये तिच्याबद्दल लिहिलं.

असा भार जमिनीवरच पेलतो. झाडावर राहणाऱ्यांना इतकं वाढता येत नाही, फांदीच तेवढा भार पेलू देत नाही. आज न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या जंगलातलं झाडावरचं कांगारू पाच ते पंधरा किलोंचं असतं, साधारण आपल्या काळतोंड्या वानराएवढं. पण हिमयुगात ऑस्ट्रेलियात बोहरा नावाचं त्याचं भावंड होतं. त्याचं वजन 35 ते 40 किलो धरतात. ते संपलं आणि छोटी कांगारू उरली. प्रवरेकाठीही थोरलेच आधी संपले.

आता पुढे या. याच काठावरचं, चार हजार वर्षांपूर्वीचं दायमाबाद. कच्च्या विटांची घरं, जव आणि मसुराची शेतं, खापरांवर सिंधूच्या लिपीतली चिन्हं. हडप्पा संस्कृतीचं इतक्या दक्षिणेला असलेलं हे टोक. इथे जरा थांबा, कारण या गावात तुमच्या हातात काहीतरी द्यायचं आहे.

हा तांब्याचा गेंडा घ्या. सांभाळा, दोन्ही हातांनी. लांबी 25 सेंटीमीटर, उंची 19, म्हणजे मांडीवर मावेल एवढा, पण भरीव ओतलेला असल्याने मनगट खाली जातं. पाय दोन आडव्या दांड्यांवर आहेत आणि प्रत्येक दांडीच्या आसाला दोन भरीव चाकं. शेजारी हत्ती, 25 सेंटीमीटर उंच, त्याच्या चौथऱ्याची चाकं हरवलेली. मग रेडा, चाकांच्या चौथऱ्यासकट 31 सेंटीमीटर. आणि 45 सेंटीमीटर लांबीचा रथ, दोन बैल जुंपलेले, आत 16 सेंटीमीटरचा माणूस ताठ उभा.

आता मापं शेजारी शेजारी ठेवा. खरा गेंडा दोन टनांचा, हत्ती त्याच्या दुप्पट, रानरेडा जेमतेम टनभर. ओतणाऱ्याने मात्र रेड्याला हत्तीच्या बरोबरीला आणलं. त्याला प्रमाण कळत नव्हतं असं मला वाटत नाही. रथावरच्या माणसाचा तोल आणि बैलांच्या मानेवरचं जू ज्याने इतकं नेमकं साधलं, त्याचा डोळा चुकीचा नव्हता. मला वाटतं, कोणत्या जनावराचा आपल्या जगण्यावर किती भार आहे, त्या हिशोबाने त्याने धातू वाटला. या मूर्ती देवाच्या असोत की मिरवणुकीच्या, त्यांच्यामागे जनावरांबद्दलचा धाक आहे आणि मायाही.

चारही वस्तूंचं एकूण वजन साठ किलोंहून जास्त भरतं. सरासरी काढली तर एकेक मूर्ती झाडावरच्या थोराड कांगारूएवढी जड. तांबं ज्या काळात दुर्मीळ होतं, त्या काळात एवढं तांबं जनावरांसाठी खर्च केलं गेलं. या मूर्ती बहुतेक अभ्यासक याच उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, धातूतल्या आर्सेनिकवरून काहींनी शंकाही घेतली आहे.

इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास गाव ओस पडतं. पांढरीवर माती चढते. 1958 मध्ये भा. प. बोपर्डीकर ही जागा ओळखतात, आणि 1974 मध्ये एक भिल्ल शेतकरी झुडपाची मुळं खणत असताना त्याची कुदळ धातूवर आदळते. त्या दुपारी तिथे असतात तर चिखलाखालून आधी काय दिसलं असतं? शिंग, की चाक? पुढे शां. अ. साळींनी चार हंगाम इथलं पद्धतशीर उत्खनन केलं.

आणि आता आज. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, कालवे आले, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि खोऱ्याचं गवत ऊस झालं. संध्याकाळी अकोले तालुक्यातल्या उसाच्या कडेला उभे राहिलात तर इथलं सगळ्यात थोर शिकारी जनावर तुमच्यापासून दहा पावलांवर असू शकतं आणि तुम्हाला कळणारही नाही. बिबट्या. पूर्ण वाढलेला नर पन्नास ते सत्तर किलोंचा, म्हणजे दायमाबादच्या चार मूर्तींच्या एकत्रित वजनाएवढा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून अभ्यास केला, तेव्हा 100 चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे आणि तितकेच तरस निघाले. या बिबट्यांच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा होता. बावीस टनांच्या हत्तीने सुरू झालेली ही यादी कुत्र्यावर जगणाऱ्या साठ किलोंपर्यंत आली, याचं मला खरंच वाईट वाटतं. पण बिबट्याने इथे जगायची वाट काढली, याचा तेवढाच अभिमानही वाटतो.

रानातलं वजन दिवसाउजेडी पाहायचं असेल तर दक्षिणेला कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जा. 1980 मध्ये जाहीर झालेलं हे काळवीट अभयारण्य अवघं 2.17 चौरस किलोमीटरचं. पूर्ण वाढलेला काळवीट सुमारे 38 किलोंचा, बोहराच्या तोडीचा. तिथलं गवत राखा, एवढंच तिथल्या प्रत्येक गावाला सांगावंसं वाटतं. सकाळी ऊन चढायच्या आत पोहोचा आणि गाडी दूर उभी करून चालत जा.