शुद्धिपत्रात न मावलेली चूक

१७५८ साली लिनेयसच्या ‘सिस्टेमा नातुरे’ची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची आजची पद्धत या पुस्तकापासून मोजतात. त्यात उत्तर ध्रुवाकडच्या एका चिमुकल्या पाणपक्ष्याचं नाव छापलं गेलं ‘ट्रिंगा टोबाटा’. हवं होतं ‘लोबाटा’, म्हणजे ज्याच्या बोटांना पाळ्या आहेत असा. एक अक्षर चुकलं होतं. पुस्तकाच्या शेवटच्या शुद्धिपत्रात ते दुरुस्त झालं आणि विषय संपला.

याच पक्ष्याच्या बाबतीत दुसरी एक चूक मात्र बराच काळ टिकली. नर कुठला आणि मादी कुठली, याबद्दलची. ती कुठल्याच शुद्धिपत्रात येणं शक्य नव्हतं, कारण लिहिणाऱ्याला ती चूक वाटतच नव्हती. आज त्या चुकीचा इतिहास सांगतो. पक्षिशास्त्र तुमचा विषय नसेल तरी वाचा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये अशीच एखादी चूक आत्ता निवांत बसलेली असू शकते.

आधी पक्ष्याची ओळख. याचं नाव फॅलरोप. याच्या तीन जाती आहेत. त्यातल्या दोन, लाल मानेचा फॅलरोप आणि लाल फॅलरोप, आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात घरटी करतात आणि वर्षातला मोठा काळ चक्क खुल्या समुद्रावर तरंगत काढतात. लाल मानेचा फॅलरोप जेमतेम १८ सेंटिमीटर लांबीचा, वजन साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे चिमणीपेक्षा थोडासाच जड, आणि मुक्काम भर समुद्रात! त्याच्या बोटांना चांदव्यासारख्या पाळ्या असतात. (तोच आपल्या तळ्यांवर दिसणारा, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा चांदवा. त्याला काही जण वारकरी म्हणतात.) ‘फॅलरोप’ हे नावही चांदवा आणि पाय या दोन ग्रीक शब्दांवरून आलंय. हा पक्षी पाण्यावर भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. त्यामुळे खालचं पाणी वर येतं, पाण्याबरोबर बारीक जीव वर येतात आणि हा ते टिपतो.

आता मुद्द्याकडे येऊ. विणीच्या हंगामात जोडीतला एक पक्षी ठळक, गडद रंगांचा दिसतो आणि आकारानंही थोडा मोठा असतो. दुसरा फिकट आणि लहान. यात नर कोण?

तुम्ही मनात उत्तर दिलंच असेल. मोर बघा, कोंबडा बघा, विणीच्या काळातला पिवळाधमक सुगरण नर बघा. भडक तो नर, साधी ती मादी. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात याला व्याप्ती म्हणतात. जिथे धूर तिथे अग्नी, तसं जिथे भडक पिसारा तिथे नर. शेकडो जातींमध्ये ही व्याप्ती खरी ठरली होती, त्यामुळे फॅलरोपला वेगळी परीक्षा द्यायला लावण्याचं कुणाला सुचलं नाही. ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ (१८२७–१८३८) हा जगप्रसिद्ध चित्रसंग्रह करणारा जॉन जेम्स ऑड्युबॉन काही घरबसल्या लिहिणारा माणूस नव्हता. रानोमाळ हिंडून, पक्षी हातात घेऊन तो चित्रं काढायचा. पण फॅलरोपच्या चित्रांखाली त्यानं नर-मादी उलटे लिहिले. चित्र बरोबर होतं, चित्राखालची चिठ्ठी चुकीची होती.

खरी गोष्ट अशी आहे की फॅलरोपमध्ये भडक पक्षी ही मादी असते. नरासाठी माद्याच एकमेकींशी भांडतात. मादी साधारण चार अंडी घालते आणि तिथून पुढचं सगळं काम नराकडे जातं. सुमारे तीन आठवडे अंडी उबवायची, मग पिल्लांवर लक्ष ठेवायचं. माद्या बऱ्याचदा त्याआधीच दक्षिणेच्या वाटेला लागतात.

इथे जरा थांबा. या चुकीविरुद्धचा पुरावा कुठे दूर आर्क्टिकमध्ये लपला होता का? नाही. तो पक्ष्याच्या अंगावरच होता. अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळते. फॅलरोपमध्ये ही उघडी जागा नराच्या पोटावर असते, मादीच्या नाही. शिवाय पक्षी चिरून आतली वृषणं किंवा अंडाशय बघितलं तर लिंग तिथल्या तिथे कळतं. म्हणजे पुरावा उपलब्ध होता. पण ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, तो प्रश्न कोण विचारणार?

१८७१ मध्ये डार्विनचं ‘द डिसेंट ऑफ मॅन’ आलं, तोवर हा घोळ अभ्यासकांच्या ध्यानात आला होता. डार्विननं फॅलरोपला एकटं सोडलं नाही. मादी जास्त उठावदार असलेल्या पक्ष्यांची त्यानं एक रांगच लावली. तिच्यात भारतातला दुर्लावही आहे. जर्डनच्या पक्षिग्रंथाच्या आधारानं डार्विन सांगतो की या पक्ष्याची मादी नरापेक्षा कितीतरी भांडखोर असते, म्हणून इथले लोक झुंजीसाठी नर नाही, माद्या पाळतात. यातली गंमत लक्षात घ्या. युरोपातल्या विद्वानांना जो अपवाद समजावून घ्यावा लागत होता, तो इथल्या झुंजी लावणाऱ्या माणसाला रोजच्या व्यवहारातून ठाऊक होता. त्याला सिद्धांत नको होता, जिंकणारा पक्षी हवा होता. म्हणून त्यानं पिसाऱ्यापेक्षा वागणं पाहिलं.

वागणं पाहण्याचं काम फॅलरोपच्या बाबतीतही पुढे झालं. एडवर्ड नेल्सन १८७७ ते १८८१ या काळात अलास्कात होता. १८८७ साली छापलेल्या त्याच्या अहवालात माद्या नरांच्या मागे लागतात याचं वर्णन आहे. मग १९३२-३३ मध्ये निको टिनबर्गन हा तरुण डच शास्त्रज्ञ पत्नीसह पूर्व ग्रीनलंडला गेला, तिथल्या इनुइट लोकांबरोबर राहिला. लाल मानेच्या फॅलरोपच्या वसंतातल्या वागणुकीवर त्यानं १९३५ साली स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. माद्यांची विशिष्ट उड्डाणं, त्यांचं ओरडणं, दुसऱ्या मादीवर धावून जाणं, सगळं बारकाईनं टिपलेलं. याच टिनबर्गनला पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं.

आता वाटेल की झालं, चूक सुधारली, गोष्ट संपली. नाही. संशोधन करणाऱ्यांसाठी खरी गोष्ट इथून सुरू होते.

भूमिका उलट्या आहेत हे मान्य झाल्यावर एक नवी व्याप्ती तयार झाली. वागणं उलटं, तर शरीरातली रसायनंही उलटीच असणार. मादी नरासारखी वागते, तर तिच्यात टेस्टोस्टेरॉन जास्त असणार! १९६७ मध्ये ओटो ह्योन आणि त्याच्या सहकाऱ्यानं विल्सन्स फॅलरोप या तिसऱ्या जातीच्या ग्रंथी तपासल्या. अंडाशयात वृषणांपेक्षा जास्त टेस्टोस्टेरॉन मिळालं. सगळं कसं छान जुळलं. पुढे १९८६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी याच जातीच्या, मोकळ्या रानात राहणाऱ्या पक्ष्यांचं रक्त तपासलं. रक्तात चित्र इतर पक्ष्यांसारखंच निघालं. अंडी उबवायला बसण्यापूर्वी नरातच टेस्टोस्टेरॉन मादीपेक्षा जास्त होतं. प्रोलॅक्टिन हे अंडी उबवण्याशी जोडलेलं संप्रेरक मात्र उबवणाऱ्या नरात वाढलेलं असतं.

म्हणजे ह्योन चुकला का? त्याचं मोजमाप खोटं नव्हतं. ग्रंथीत किती साठा आहे हा एक प्रश्न, रक्तात किती फिरतंय हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपल्या अपेक्षेशी जुळलं की दुसरा प्रश्न विचारायची निकड वाटत नाही. नवशिक्या संशोधकाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. निकाल अपेक्षेविरुद्ध आला तर आपण दहा वेळा तपासतो. अपेक्षेप्रमाणे आला की थेट चॅप्टर लिहायला बसतो.

आणि ही फसगत नर-मादीच्या प्रश्नापुरतीच आहे असंही नाही. याच पक्ष्याच्या प्रवासाचं उदाहरण घ्या. स्कँडिनेव्हियातले लाल मानेचे फॅलरोप हिवाळा आपल्या अरबी समुद्रात काढतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर थोडे फॅलरोप वीण करतात. शेजारचे अरबी समुद्रात जातात, तर हेही तिकडेच जात असणार, असा समज होता. २०१२ मध्ये तिथल्या फेटलर बेटावर दहा पक्ष्यांना प्रकाशाच्या नोंदीवरून जागा सांगणारी इवलीशी उपकरणं बसवली. पुढच्या वर्षी त्यातला एक पक्षी पुन्हा हाती लागला. त्याची नोंद उलगडली तेव्हा कळलं की तो अटलांटिक ओलांडून, अमेरिकेच्या किनाऱ्यानं खाली उतरून, कॅरिबियन पार करून पॅसिफिकमध्ये इक्वेडोर आणि पेरूच्या किनाऱ्यापलीकडे पोचला होता. एकच पक्षी, पण एवढ्यानं जुना समज डळमळला.

तिन्ही गोष्टींमध्ये माणसं आळशी नव्हती, अडाणी तर मुळीच नव्हती. त्यांचं अनुमान वाजवी होतं. अडचण एवढीच झाली की अनुमान केलं हे विसरलं गेलं आणि त्याची नोंद निरीक्षण म्हणून झाली. चित्राखाली नुसतं ‘नर’ असं लिहिलं की ते पाहून ठरवलं की गृहीत धरलं, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही. पुढचा माणूस ती चिठ्ठी पुरावा म्हणून वापरतो. मग शंभर चिठ्ठ्या एकमेकींना दुजोरा देत बसतात.

आपल्या विषयांतही अशा चिठ्ठ्या भरपूर आहेत. जनगणनेच्या रकान्यातला ‘कुटुंबप्रमुख’, दप्तरातल्या कागदावरचा ‘शेतकरी’, हस्तलिखिताच्या यादीतलं ‘अंदाजे अठरावं शतक’. हे कुणी, कशावरून ठरवलं? आणि आज फॅलरोपबद्दल सर्रास वापरला जाणारा ‘उलट्या भूमिका’ हा शब्दप्रयोग तरी काय सांगतो? उलट्या, म्हणजे कुणाच्या तुलनेत? सुलट काय ते आधी ठरवल्याशिवाय उलट म्हणता येत नाही. काही जीवशास्त्रज्ञ आता हाच आक्षेप घेतात, आणि तो मला पटतो.

म्हणून एक छोटं काम सुचवतो. तुमची डेटा शीट उघडा. एक्सेल असेल, वही असेल, काहीही. सगळ्यात महत्त्वाच्या वर्गवारीच्या शेजारी एक नवा रकाना आखा आणि त्याला नाव द्या ‘कशावरून?’. प्रत्येक नोंदीसमोर एकच शब्द लिहायचा: पाहिलं, मोजलं, कुणी सांगितलं, की गृहीत धरलं. पहिल्या पन्नास नोंदी भरा. ‘गृहीत’ किती निघतात ते मोजा आणि तो आकडा गाईडसमोर ठेवा. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकानं तो काढण्यापेक्षा आपण आधी काढलेला केव्हाही बरा.