तीस मैलांचा संघ आणि त्यानंतर

स्कॉटिश फुटबॉलच्या युरोपीय वाटचालीविषयी जे काही लिहिले जाते, त्याचा आरंभ बहुधा लिस्बनपासून होतो. २५ मे १९६७ रोजी ग्लासगोच्या सेल्टिक संघाने इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन कप जिंकला. आणि त्या संघातील प्रत्येक खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु कथेचा आरंभ शिखरावरून केला की पुढचे सारे उतरणीचेच भासू लागते, हे कथनाचा अभ्यास करणाऱ्या वाचकाला वेगळे सांगायला नको. म्हणून आम्ही थोडे मागून सुरुवात करू.

युरोपियन कपचा पहिला मोसम १९५५-५६ चा. इंग्लंडच्या फुटबॉल लीगला ही परकी स्पर्धा नकोशी होती, त्यामुळे तेथील विजेत्या चेल्सीने माघार घेतली. एडिंबरोचा हायबर्नियन मात्र उतरला आणि उपांत्य फेरीपर्यंत पोचला; तेथे फ्रान्सच्या रँसकडून तो हरला. १९६० साली ग्लासगोच्याच रेंजर्सनेही उपांत्य फेरी गाठली. फ्रँकफर्टच्या आइन्ट्राख्टने त्यांना आधी ६-१ आणि मग ६-३ असे लोळविले. त्याच आइन्ट्राख्टला ग्लासगोतील हॅम्पडेन पार्कवर झालेल्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने ७-३ असे चिरडले आणि सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांनी ते पाहिले. आपल्याला बारा गोल मारणाऱ्यांना सात गोल मारणारे कोणी आहेत, हे या शहराला घरबसल्या समजले. तेव्हा युरोपपुढचे खुजेपण ही काही अलीकडची व्याधी नव्हे.

लिस्बनचे मोल या पार्श्वभूमीवर जोखायला हवे. इंटरने १९६४ आणि १९६५ असा दोनदा हा कप जिंकलेला. त्यांचे प्रशिक्षक एलेनिओ हेरेरा यांची बचावाची रीत 'कातेनाच्चो' म्हणून ओळखली जाई. या शब्दाचा अर्थच दाराचा अडसर. सातव्या मिनिटाला माझ्झोलाने पेनल्टीवर गोल केला आणि अडसर पडला. मग सुमारे तासभर सेल्टिकने ते दार अक्षरशः बडविले. गेमेलने ६३व्या मिनिटाला ते फोडले आणि सामना संपायला काही मिनिटे उरली असता चॅमर्सने दुसरा गोल केला. हा संघ घडविणारे जॉक स्टीन लॅनार्कशायरच्या कोळसा खाणींत राबलेले. उत्तर युरोपातील संघाने हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

पण आमच्या दृष्टीने त्या मोसमातील खरी विलक्षण गोष्ट लिस्बनबाहेर घडत होती. लिस्बननंतर सहाच दिवसांनी रेंजर्स न्यूरेम्बर्गमध्ये कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात खेळले आणि जादा वेळेत बायर्न म्युनिककडून एका गोलने हरले. किल्मार्नकसारख्या लहान गावच्या संघाने फेअर्स कपची उपांत्य फेरी गाठली. डंडी युनायटेडने बार्सेलोनाला तिच्या घरी आणि आपल्या घरी, दोन्हीकडे हरविले. पुढे १९६९ साली डनफर्मलिननेही कप विनर्स कपची उपांत्य फेरी गाठली. ही नावे स्कॉटलंडबाहेर आज कोणाच्या ओठांवर नाहीत. आमचे म्हणणे असे की, सेल्टिकचा विजय हा या दाट रानातला सर्वांत उंच वृक्ष होता. रान विरळ झाले, आणि मग उंच वृक्षही उरला नाही.

ते लगेच विरळ झाले नाही. १९७० च्या उपांत्य सामन्यात सेल्टिकने लीड्सला हरविले तेव्हा हॅम्पडेनवर १,३६,५०५ प्रेक्षक होते. अंतिम सामना मात्र फेयेनूर्डने जिंकला. १९७२ मध्ये रेंजर्सने डायनॅमो मॉस्कोला हरवून कप विनर्स कप मिळविला. पण आम्हांला थांबायचे आहे ते ईशान्येकडच्या दोन शहरांपाशी, कारण या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित पान तेथे आहे.

११ मे १९८३ रोजी गोथेनबर्गच्या पावसात अ‍ॅबर्डीनने रेआल माद्रिदला जादा वेळेत २-१ असे हरवून कप विनर्स कप जिंकला. बदली खेळाडू म्हणून आलेल्या जॉन ह्यूइटने विजयी गोल केला. त्याआधी याच संघाने बायर्न म्युनिकलाही घरचा रस्ता दाखविला होता. मैदानात उतरलेले सारे खेळाडू स्कॉटिश. (त्यांतील नील कूपरचा जन्म मात्र आपल्याकडचा, दार्जिलिंगचा!) प्रशिक्षक होते अलेक्स फर्ग्युसन, ग्लासगोच्या गव्हन या जहाजबांधणीच्या वस्तीतले. त्याच महिन्यात डंडी युनायटेडने स्कॉटिश लीग जिंकली आणि पुढच्या वर्षी युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत रोमाला घरच्या सामन्यात २-० असे नमविले. परतीच्या सामन्यात ते ०-३ हरले. त्या सामन्याच्या पंचाला लाच देण्याचा घाट रोमाच्या बाजूने घातला गेला होता, हे पुढे उघड झाले. १९८७ मध्ये जिम मॅकलीन यांच्या याच संघाने बार्सेलोनाला पुन्हा दोन्ही सामन्यांत हरवून युएफा कपचा अंतिम सामना गाठला, आणि स्वीडनच्या गोथेनबर्गपुढे एका गोलने तो गमावला. बार्सेलोनाशी चार सामने आणि चारही विजय, असा हिशेब या संघाच्या नावावर आहे.

मग बदलले काय? रूढ उत्तर आहे १९९५ चा बोस्मन निकाल आणि दूरचित्रवाणीचा पैसा. करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ लागला, परदेशी खेळाडूंवरच्या मर्यादा युरोपीय संघापुरत्या गळून पडल्या आणि सुमारे पंचावन्न लाख वस्तीच्या देशाची बाजारपेठ इंग्लंड-इटलीपुढे नगण्य ठरली. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. आमच्या मते वळण त्याच्या दहा वर्षे आधीचे. १९८५ च्या सप्टेंबरात स्टीन कार्डिफमध्ये सामना संपता संपता कोसळले आणि मरण पावले. त्याच वर्षी हायझेलच्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपबंदी आली. १९८६ मध्ये रेंजर्सने ग्रॅम सूनेस यांच्या हाती सूत्रे दिली आणि युरोपात खेळण्याचे आमिष दाखवून टेरी बुचर, क्रिस वुड्स असे इंग्लंडचे खेळाडू विकत घेतले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फर्ग्युसन मँचेस्टरला गेले. लीगचे विजेतेपद ग्लासगोबाहेर अखेरचे गेले होते ते १९८५ मध्ये, अ‍ॅबर्डीनला. १९८६ ते २०२५ या चाळीस मोसमांत ते पुन्हा एकदाही त्या शहराबाहेर पडले नाही.

आता पैसा ग्लासगोत ओतला जाऊ लागला आणि उरलेली गावे रिकामी होऊ लागली. रेंजर्सने १९८९ ते १९९७ सलग नऊ वेळा लीग जिंकली. १९९२-९३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये ते दहा सामने अपराजित राहिले आणि एका गुणाने अंतिम सामना हुकला, हे खरे. पण पुढच्याच वर्षी लेव्हस्की सोफियाने त्यांना पहिल्याच फेरीत बाहेर काढले. घरी कोणी आव्हान देत नाही, म्हणून परक्या मैदानावर आव्हान पेलत नाही. तालमीत जोडीच नसेल तर पहिलवान दंगलीत काय करणार?

यानंतरचे तीन अंतिम सामने प्रसिद्ध आहेत. २००३ मध्ये सेव्हिलला सेल्टिक पोर्तोकडून जादा वेळेत ३-२ असे हरले. २००८ मध्ये मँचेस्टरला रेंजर्स झेनितकडून २-० असे. आणि २०२२ मध्ये पुन्हा सेव्हिललाच रेंजर्स पेनल्टींवर हरले. समोर कोण? तेच फ्रँकफर्टचे आइन्ट्राख्ट, ज्यांनी बासष्ट वर्षांपूर्वी बारा गोल मारले होते. दहा वर्षांपूर्वी दिवाळखोरीत बुडून चौथ्या श्रेणीत फेकल्या गेलेल्या संघासाठी हे थोर यश होते, यात शंका नाही. तरीही या तिन्ही पराभवांभोवती 'वैभवशाली अपयशा'चे जे वाङ्मय स्कॉटलंडमध्ये साचले आहे, त्याने आम्ही थोडे अस्वस्थ होतो. पानिपताच्या पोवाड्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही मनोवृत्ती परकी वाटू नये. पराभव एकदा सुंदर ठरला की त्याची कारणे शोधणे अरसिकपणाचे होऊन बसते.

कारणे मात्र समोर उभी असतात. २०१६ मध्ये जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्स या अर्धव्यावसायिक संघाने सेल्टिकला पहिल्या सामन्यात हरविले. २०१७ मध्ये लक्झेंबर्गच्या प्रोग्रेस संघाने रेंजर्सला बाहेरच काढले. २०२२-२३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेंजर्स सहाही सामने हरले. गोल केले दोन, खाल्ले बावीस. बलाढ्यांपुढची हार पैशाने समजावता येते, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये नॉर्वेच्या बोडो-ग्लिम्टने सेल्टिकला ग्लासगोत ३-१ आणि आपल्या घरी २-० असे हरविले, ते कशाने समजवायचे? आर्क्टिक वृत्तापलीकडचे ते गाव पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे. सेल्टिकच्या मैदानात साठ हजार माणसे बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कझाकस्तानच्या कैरातविरुद्ध सेल्टिकला २१० मिनिटांत एकही गोल करता आला नाही आणि पेनल्टींवर चॅम्पियन्स लीगचे दार बंद झाले. दुसऱ्याच रात्री ब्रूज संघाने रेंजर्सला ६-० असे घालविले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सेल्टिकने बायर्नला म्युनिकमध्ये अखेरच्या क्षणापर्यंत झुंजविले होते, हेही नोंदवायला हवे. पण असे सामने अपवादाचेच.

माती नापीक झाली, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांला मान्य नाही. लिस्बनच्या अकरांत तीस मैलांच्या सीमेवरचा खेळाडू म्हणजे बॉबी लेनक्स, समुद्रकाठच्या सॉल्टकोट्सचा. त्याला लागूनच आर्ड्रॉसन आहे. तेथे वाढलेला बिली गिल्मोर रेंजर्सच्या युवा संघातून २०१७ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, चेल्सीला गेला. ग्लासगोच्याच अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने पोरवयात सोडून दिले; तो क्वीन्स पार्क, डंडी युनायटेड, हल अशी वाट तुडवीत लिव्हरपूलला पोचला. २०१९ मध्ये लिव्हरपूलने आणि २०२१ मध्ये चेल्सीने युरोपचे विजेतेपद मिळविले, तेव्हा पदक घेणाऱ्यांत हे दोघे होते.